नव्या रंगाची निगा

मोटारीला नवा रंग दिल्यानंतर दुसऱ्याच दिवशी तो हाताला कोरडा लागतो आणि काम संपले, असा मालकाचा समज होतो. वस्तुतः या वेळी रंग केवळ सुकलेला असतो. तो पक्का झालेला नसतो. सुकणे आणि पक्के होणे या दोन भिन्न क्रिया असून, रंगाची निगा राखण्याचे बहुतेक नियम या भेदातूनच निघतात.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारींना घोडागाड्यांप्रमाणेच तेलयुक्त वार्निश देत असत. एकावर एक थर चढवून ते वाळेपर्यंत कित्येक आठवडे जात. १९२३ साली अमेरिकेतील जनरल मोटर्सने ओकलंड गाड्यांसाठी ‘ड्यूको’ हे नायट्रोसेल्युलोज लॅकर वापरात आणले आणि हा काळ कमालीचा घटला. लॅकरमधील विद्रावक उडून गेला की रंग तयार होतो. ‘ड्यूको’ हे नाव पुढे आपल्याकडे फवाऱ्याने दिलेल्या रंगालाच रूढ झाले.

आज बऱ्याच कार्यशाळांत दुघटकी पॉलियुरेथेन रंग वापरतात. रंगद्रव्याच्या थरावर पारदर्शक लेप देतात आणि त्या लेपात मिसळलेल्या हार्डनरशी संयोग होऊन रेणूंचे घट्ट जाळे विणले जाते. कारखान्यात हे काम सुमारे १४० अंश सेल्सिअस तपमानाच्या भट्टीत होते, कारण तेथे गाडी म्हणजे नुसता पत्र्याचा सांगाडा असतो. दुरुस्तीस आलेल्या गाडीत मात्र काचा, रबर, प्लास्टिक आणि विजेच्या तारा असतात. त्यामुळे तिला साधारणतः ६० अंशांच्या आसपासच उष्णता देता येते; लहान कार्यशाळांत तीही मिळत नाही. परिणामी लेपात अडकलेला विद्रावक पुढे कित्येक आठवडे बाहेर पडत राहतो.

यावरून पहिला नियम सिद्ध होतो. या काळात रंगावर मेण, पॉलिश किंवा सिरॅमिक लेप चढवू नये; तसे केल्यास विद्रावकाची वाट अडते. रंगाचे उत्पादक यासाठी बहुधा ३० ते ९० दिवसांची मुदत सांगतात. गाडीवर घट्ट आच्छादन घालणेही टाळावे. त्याखाली ओल कोंडते आणि वाऱ्याने कापड रंगावर घासत राहते.

दुसरा नियम धुण्याविषयी आहे. पहिला आठवडा शक्यतो गाडी धुऊ नये. नंतर सावलीत, पत्रा थंड असताना भरपूर साधे पाणी ओतून धूळ आधी वाहून जाऊ द्यावी आणि मग सौम्य शाम्पू व मऊ कापड वापरावे. कपड्यांची साबणपूड वापरू नये. रोज सकाळी कोरड्या फडक्याने गाडी पुसण्याची आपल्याकडील सवय सर्वांत घातक होय. धुळीतील गारेचे कण रंगाहून पुष्कळ कठीण असल्याने फडके जणू पॉलिशकागदाचे काम करते. क्षारयुक्त पाण्याचे थेंब अंगावर वाळू दिल्यास पांढरे डाग उरतात. म्हणून गाडी लगेच टिपून घ्यावी.

पक्ष्यांची विष्ठा व झाडांचा चीक यांबाबत विलंब परवडत नाही. उन्हाने तापलेल्या कोवळ्या लेपात त्यांचा व्रण चटकन उमटतो. ओले फडके त्यावर काही मिनिटे ठेवून डाग भिजवावा आणि अलगद उचलावा, खरवडू नये.

मुदत संपल्यानंतर मेण लावावे, परंतु यंत्राने वारंवार पॉलिश करण्याचा मोह आवरावा. पारदर्शक लेपाची जाडी सामान्यतः ४० ते ६० मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाहूनही कमी असते. घासून आणलेली प्रत्येक चकाकी त्याच लेपाचा अंश खर्च करून मिळते. हा लेप झिजला की सूर्याचे अतिनील किरण रंगाला भिडतात. दगड उडून रंगाचा टवका गेला, तर ओलावा थेट पत्र्यापर्यंत पोहोचतो आणि गंज रंगाखालून पसरत जातो. असा टवका लहान असतानाच बुजवावा.

म्हणून गाडी ताब्यात घेताना कार्यशाळेला तीन गोष्टी विचाराव्यात : रंग कोणत्या प्रकारचा आहे, त्याला उष्णता दिली होती काय आणि मेण लावण्यापूर्वी उत्पादकाने किती दिवस थांबण्यास सांगितले आहे. त्याच वेळी उरलेल्या रंगाची छोटी बाटली आणि रंगाचा क्रमांक मागून घ्यावा. पुढे टवका बुजवताना नेमकी तीच छटा मिळवणे त्यामुळे सोपे जाते.