कडा का ढासळतो?

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला –
• खडकाची पार्यता म्हणजे काय, ते सांगता येईल;
• समुद्रकड्याची झीज खालून आणि वरून कशी होते, ते स्पष्ट करता येईल.

मूळ पाठ

किनाऱ्यावरील कडा ढासळला की दोष समुद्राला दिला जातो. लाटा रात्रंदिवस आदळत असल्याने हे साहजिकच आहे. परंतु पुष्कळदा समुद्राइतकाच वाटा पावसाचा असतो. कडा किती काळ टिकेल हे लाटांच्या जोराबरोबरच खडकाचा कठीणपणा व त्याची पार्यता यांवर अवलंबून असते. आपल्यातून पाणी झिरपू देण्याचा खडकाचा जो गुण, त्यालाच पार्यता म्हणतात.

केरळमधील वर्कला हे याचे बोलके उदाहरण आहे. दक्षिण केरळचा किनारा बहुतांशी सखल आहे. येथे मात्र तांबूस कडा थेट अरबी समुद्राला भिडतो. कड्याच्या माथ्यावर जांभा आणि त्याखाली वालुकाश्म व चिकणमातीचे थर आहेत. जांभा म्हणजे कोकणात घरबांधणीसाठी ज्याचे चिरे काढतात तोच दगड. त्याची छिद्रे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. माथ्यावर पडलेले पावसाचे पाणी या छिद्रांतून आत शिरते आणि वालुकाश्मातूनही खाली उतरते. चिकणमातीचा थर मात्र त्याला वाट देत नाही. चिकणमातीचे कण इतके सूक्ष्म असतात की त्यांच्यामधून पाणी सहज पुढे सरकू शकत नाही.

अडलेले पाणी मग आडवे वाहू लागते आणि कड्याच्या उभ्या अंगातून झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. हे झरे दिसायला सुंदर असले तरी ते आपल्याबरोबर वालुकाश्मातील वाळूचे कण वाहून आणतात. ओली चिकणमाती निसरडी व दुबळी होते. खालचा आधार असा सुटत गेला की वरच्या जांभ्याला भेगा पडतात आणि त्याचे मोठे खंड कोसळतात. पायथ्याशी साचलेला राडारोडा काही काळ कड्याचे रक्षण करतो. पण पावसाळ्यातील उंच लाटा तोही ओढून नेतात आणि पायथा पुन्हा उघडा पडतो.

याउलट, रायगड जिल्ह्यातील हरिहरेश्वरचा किनारा काळ्या बेसाल्ट खडकाचा आहे. बेसाल्ट कठीण असतो. त्याच्या सलग भागातून पाणी जवळजवळ झिरपतच नाही, ते केवळ भेगांतून शिरते. लाटा याच भेगा रुंदावतात. तेथील झीज सावकाश चालते आणि कडा मागे हटताना पायथ्याशी खडकाचा सपाट कट्टा उरतो. त्याला तरंगघर्षित मंच म्हणतात.

पार्यतेचा हा विचार माणसाच्या सुरक्षिततेशी निगडित आहे. वर्कल्याच्या माथ्यावर हॉटेले व दुकाने आहेत, तर पायथ्याशी पापनाशम किनाऱ्यावर भाविक पितरांच्या विधींसाठी येतात. कड्याच्या काठाशी शोषखड्डे खणले किंवा सांडपाणी मोकळे सोडले, तर पाऊस नसतानाही कड्यात पाणी मुरत राहते. म्हणून पायथ्याशी केवळ भिंत बांधून भागत नाही. माथ्यावरचे पाणी गटारांवाटे काठापासून दूर नेणे आणि बांधकामे मागे ठेवणे हेही तितकेच आवश्यक असते.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने वर्कल्याच्या कड्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक घोषित केले आहे. २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीतही त्याचा समावेश झाला. हा मान टिकवायचा, तर समुद्राइतकेच लक्ष माथ्यावर मुरणाऱ्या पाण्याकडे द्यावे लागेल.

शब्दार्थ

समुद्रकडा – समुद्रालगतचा उभा, उंच खडक
वालुकाश्म – वाळूचे कण घट्ट होऊन बनलेला खडक
राडारोडा – कोसळलेले दगड व माती

पाठगत प्रश्न

१. वर्कल्याच्या कड्यातून झरे का फुटतात?
२. बेसाल्टमध्ये पाणी कोठून शिरते?
३. ‘पायथ्याशी केवळ भिंत बांधून भागत नाही.’ या विधानाची कारणे तुमच्या शब्दांत लिहा.