उतरायचं कुठून, हे परतीवरून ठरव

अगं, कयाक घेतलीस, गरी-दोर घेतलास आणि लगेच विचारलंस, "ताई, हेदवीला पाण्यात कुठून उतरू?" हा प्रश्न आधी विचारलास, फार बरं केलंस. मी विचारला नव्हता.

मी पहिल्यांदा उतरले ती उमा-महेश्वराच्या देवळाच्या अंगाला, कातळाला लागून असलेल्या वाळूतून. कारण एवढंच, की कयाक वाहून न्यायला ते जवळ पडलं. अष्टमीची सकाळ होती. भरती नुकतीच पुरी झालेली, पाणी तुडुंब आणि शांत. कातळ पाण्याखाली होता, म्हणून माझ्या लेखी तो नव्हताच. साडेअकराला परत फिरले तर ओहोटी तळाला गेलेली, खारा वारा सुटलेला, आणि जिथून निघाले होते तिथे काळी खडपं उघडी पडलेली. किनारा दिसत होता, पण पाय ठेवायला जागा नव्हती. मग थकल्या हातांनी वाळूच्या बाजूला वल्हवत गेले. गुडघाभर पाण्यात कयाक लाटेला आडवी झाली, मी पडले, आणि पडले तेही किनाऱ्याच्या बाजूला. पाण्यानं भरलेली कयाक पुढच्या लाटेनं उचलली आणि माझ्या पोटरीवर आणून आदळली. महिनाभर जिना चढताना कळ यायची.

म्हणून तुला सांगते, जागा बघताना "इथून जाता येईल का" हे नंतर बघ. आधी बघ, चार तासांनी, पाणी उतरल्यावर, वारा चढल्यावर आणि तुझे हात दमल्यावर इथे परत येता येईल का. आणि उतरताना नेहमी कयाकच्या समुद्राकडच्या बाजूला उतर. कयाक आणि किनारा यांच्यामध्ये कधीही उभी राहू नकोस.

त्याच कातळातली बामणघळ तू पाहिलीच आहेस. भरतीची लाट त्या चिरेत शिरते, पुढे जायला वाट नाही म्हणून कारंज्यासारखी वर उसळते. लोक ते बघून हरखतात. तू त्यातून एवढं घे, की या कातळाशी पाणी असं वागतं. गोबरा आणि तांबोशी खडपातच असतात, मला ठाऊक आहे. तरीही घळीच्या आसपास कयाक नेऊ नकोस.

आता तिथीचं गणित. आपल्याकडची जुनी माणसं अजून असंच काढतात: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला 3 वाजता, अष्टमीला 6 वाजता, पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. त्याच्या साधारण सहा तास आधी-नंतर ओहोटी. अष्टमीला मी कशी फसले ते आता तुझ्या ध्यानात येईल: सकाळभर पाणी उतरतच होतं. त्यापेक्षा तृतीया-चतुर्थी बघ. आठ-नऊच्या सुमाराला ओहोटी संपते, खडपं कुठे आहेत ते निघतानाच उघड्या डोळ्यांनी दिसतं, आणि परतताना भरती तुला आत आणते. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण नवख्या हातांसाठी नाही. अंदाज हा अंदाजच, निघण्याआधी भरती-ओहोटीचं छापील वेळापत्रक बघायचंच.

किनाऱ्यावर पोचलीस की लगेच कयाक लोटू नकोस. वीस मिनिटं नुसती बसून राहा. लाटा एकसारख्या येत नाहीत, लहानांमागून तीन-चार मोठ्या येतात. मोठ्या येऊन गेल्या की निघायचं. आणि एक फसवी जागा ओळखायला शीक. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मध्येच एक पट्टा गप्प आहे, गढूळ आहे, फेस उलटा समुद्राकडे चाललाय. तिथे पाण्याची ओढ बाहेर असते. दिसायला ती सगळ्यात सोपी वाट. उलट्या कयाकला धरून तिथे तरंगत राहिलीस तर ती तुला बाहेरच नेईल. कधी सापडलीस तर ओढीशी झुंजू नकोस, किनाऱ्याला समांतर सरकत तिच्यातून बाहेर पड.

सगळ्यात खात्रीची खूण मात्र होड्या. खारव्यांच्या होड्या जिथे वाळूवर ओढून ठेवलेल्या असतात, ती जागा पिढ्यांनी पारखलेली असते. पुळण सुरेख आहे आणि एकही होडी नाही, तर कुणाला तरी विचार, "दादा, इथून होडी का लोटत नाही?" रापणीचं जाळं लागलं असेल तर त्याच्या दोराच्या आत जायचं नाही.

पहिले काही दिवस तर तू समुद्रात जाऊच नकोस. तवसाळकडून जयगडच्या खाडीत आत जा, भरतीबरोबर वर आणि भरती संपायच्या आत परत. ओहोटीला खाडीच्या तोंडाशी नको. बाहेर धावणारं पाणी आत येणाऱ्या लाटेला भिडतं आणि लाट उभी राहते. फेरीबोटीच्या आणि जहाजांच्या वाटेपासूनही लांब राहा. तुझी कयाक इतकी ठेंगणी, की त्यांना दिसणारसुद्धा नाहीस.

पहाटेचा मतलई वारा जमिनीवरून येतो, किनाऱ्याजवळ पाणी गुळगुळीत ठेवतो आणि तुला हळूच बाहेर ढकलतो. दूर गेलीस हे कळतही नाही. म्हणून खारा वारा सुटायच्या आत, साडेदहाला वाळूवर परत. आभाळ स्वच्छ, वारा पडलेला, तरी दूरच्या वादळाची फुगवण एप्रिल-मेमध्येही येते. हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेचा लाटांचा इशारा आदल्या रात्री वाच. पावसाळ्यात 1 जून ते 31 जुलै यंत्रावरच्या मासेमारी बोटींनाही बंदी असते, तेव्हा तुझी कयाक घरात. तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093 फोनमध्ये घालून ठेव, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, आणि लाइफ जॅकेट अंगावर बांधलेलं. पायाशी ठेवलेलं जॅकेट कामाला येत नाही.

येत्या चतुर्थीला ये. सातला पुळणीवर भेटू. कयाक गाडीवरच राहू दे, आधी ओहोटीत सगळी खडपं तुला चालत दाखवते.