बटण गुलाब : निसर्गनिरीक्षणाचा एक पाठ
(इयत्ता तिसरी ते पाचवीकरिता)

पाठाचा उद्देश

शाळेच्या आवारात झाडे लावण्याचा उपक्रम बहुतेक गावी होतो. परंतु झाड साऱ्या शाळेचे असले म्हणजे त्याची काळजी कोणा एकाची राहत नाही. पावसाळ्यात लावलेले रोप उन्हाळ्याच्या सुट्टीत वाळते आणि जूनमध्ये त्याच खड्ड्यात दुसरे लावले जाते. याकरिता प्रत्येक मुलाला आपले म्हणता येईल, सुट्टीत घरी नेता येईल व वर्षभर नजरेखाली ठेवता येईल, असे लहान झाड निवडावे. बटण गुलाब या कामी सोयीचा आहे. त्याचे झाड साधारणतः २५ ते ४५ सेंटीमीटर उंच वाढते. फूल, पान, कळी व काटा ही सर्व अंगे त्याच प्रमाणात लहान असतात. एका कुंडीत, थोड्या पाण्यावर ते अनेक वर्षे टिकते.

थोडी पूर्वकथा

या गुलाबाचे मूळ चिनी गुलाबाच्या कुळात आहे. यूरोपात ही जात जवळजवळ विस्मृतीत गेली होती. पहिल्या महायुद्धाच्या काळात रूले नावाच्या स्विस लष्करी डॉक्टरांना एका डोंगरी खेड्यात, घरांच्या खिडक्यांतील कुंड्यांत, ही इवलीशी झाडे आढळली. उद्यानतज्ज्ञ कोर्व्हों यांनी १९२२ च्या सुमारास त्या डॉक्टरांच्याच नावावरून तिचे ‘रोझा रूलेटी’ असे नामकरण केले. पुढे हॉलंडमधील यान द व्हिंक यांनी तिच्या संकरातून नव्या जाती सिद्ध केल्या. त्यांपैकी ‘टॉम थंब’ ही जात १९३६ मध्ये अमेरिकेत बाजारात आली. खेड्यातील माणसांनी खिडकीत जपलेल्या कुंड्यांमुळे ही जात वाचली, एवढी गोष्ट मुलांना अवश्य सांगावी.

लागवड

जुलै-ऑगस्टमध्ये हवा दमट असते. त्या वेळी काड्या लावाव्यात. नुकतेच फूल गळलेली निरोगी फांदी निवडावी. तीन-चार डोळ्यांची, ८ ते १० सेंटीमीटर लांबीची काडी डोळ्याच्या किंचित खाली तिरकस कापावी. कापण्याचे काम शिक्षकांनी स्वतः करावे. खालची पाने काढून दोन डोळे ओलसर वाळूमिश्रित मातीत जातील अशी काडी रोवावी व ती सावलीत ठेवावी. सुमारे महिन्याभरात मुळे फुटतात. नवी पालवी दिसताच मुले काडी उपटून पाहू लागतात. काडीत साठलेल्या अन्नावरही पालवी फुटू शकते, त्यामुळे पालवी ही मुळांची खूण नव्हे, हे त्यांना आधीच समजावून द्यावे.

रोप जोमदार झाल्यावर सुमारे १५ सेंटीमीटर व्यासाच्या कुंडीत लावावे. कुंडी नसल्यास जुना डबा चालेल. मात्र त्याच्या बुडाला भोके पाडून त्यांवर खापऱ्या ठेवाव्यात. दोन भाग माती, एक भाग पूर्ण कुजलेले शेणखत व एक भाग वाळू असे मिश्रण करावे. काळी माती पाणी धरून ठेवते. तेथे वाळूचे प्रमाण वाढवावे. कुंडीला रोज सहा तास तरी ऊन मिळावे.

पाणी : पाठाचा मुख्य भाग

कुंडीतील झाडे तहानेने मरतात, त्याप्रमाणे अति पाण्यानेही मरतात. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिंब राहिली की मुळे कुजतात, पाने पिवळी पडून माना टाकतात, आणि झाड तहानलेले आहे असे समजून मूल आणखी पाणी घालते. ज्या मुलाचा जीव झाडावर अधिक, त्याचेच झाड आधी जाते. अशा मुलाला रागे भरू नये. त्याची माया खरी असते, तिला केवळ पाहण्याची सवय जोडून द्यावयाची असते.

यासाठी एक प्रयोग करावा. दोन सारख्या डब्यांत सारखी माती भरावी. एकाच्या बुडाला भोके पाडावीत, दुसऱ्याच्या नाहीत. दोहोंत सारखेच पाणी घालून दोन दिवसांनी मातीत बोट घालून पाहावे व वास घ्यावा. त्यानंतर वर्गाचा नियम ठरवावा : आधी बोट, मग पाणी. बोटाच्या पहिल्या पेरापर्यंत माती कोरडी लागली तरच पाणी द्यावे. ते सकाळी, बुंध्याशी द्यावे. पाने रात्रभर ओली राहिल्यास काळे ठिपके पडण्याचा रोग बळावतो.

छाटणी व कीड

वर्ष पूर्ण झालेल्या झाडाची छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या मध्यास करावी. वाळक्या व आत वळलेल्या फांद्या काढून उरलेल्या निम्म्यावर, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर छाटाव्यात. साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात. शेंड्यांवर मावा दिसल्यास पाण्याच्या धारेने धुवावा. तेवढ्याने न गेल्यास ५० ग्रॅम निंबोळीची भरड एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवून, गाळून फवारावी. उन्हाळ्यात पानांच्या मागे लाल कोळी होतो. तेथेही स्वच्छ पाणी फवारावे. विषारी औषधे मुलांच्या हाती देऊ नयेत.

निरीक्षणवही व सुट्टी

प्रत्येक मुलाने आठवड्यातून एकदा झाडाची उंची, नव्या फांद्या व कळ्या यांची नोंद करावी. कळी दिसल्यापासून फूल उमलेपर्यंतचे दिवस मोजून वर्गाची सरासरी काढावी. गणिताचा तास आपोआप साधतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कुंड्या घरोघरी द्याव्यात व दुपारचे ऊन टळेल अशा जागी ठेवण्यास सांगावे. भाजी-तांदूळ धुतलेले पाणी त्यांना पुरते. जे कुटुंब गाव सोडून कामास जाते, त्या मुलाची कुंडी कोण सांभाळील, हे सुट्टीपूर्वीच वर्गात ठरवावे.

जूनमध्ये कुंड्या परत येतील तेव्हा काही झाडे वाळलेली असतील. त्या मुलांना इतरांच्या झाडांच्या काड्या द्याव्यात आणि जुलैत पाठ पुन्हा आरंभावा.