गल्ला आणि निर्मात्याचा हिशेब

चि. भाच्यास,

भोसरीचं वर्कशॉप गहाण टाकून तू शिवकालावर भव्य चित्रपट काढणार, असं ताईकडून कळलं. फिरंगोजी नरसाळ्यांनी 1660 साली चाकणचा संग्रामदुर्ग कसा झुंजवला, ते चाकणच्याच पोरानं पडद्यावर आणावं, याचा मामाला आनंद आहे. काळजी आहे ती गहाणखताची.

'छावा'नं 2025 मध्ये शेकडो कोटींचा गल्ला केला. पण गल्ला सगळा निर्मात्याकडे येत नाही. मल्टिप्लेक्सचं 236 रुपयांचं तिकीट घे. त्यातले 36 रुपये जीएसटीचे. उरलेल्या 200 मध्ये थिएटरचा वाटा असतो. 2009 साली निर्माते आणि मल्टिप्लेक्सवाल्यांमध्ये जी तडजोड झाली, तिच्यात निर्माता-वितरकांना पहिल्या आठवड्यात 50 टक्के, दुसऱ्यात 42.5, तिसऱ्यात 37.5 आणि पुढे 30 टक्के ठरले. म्हणजे त्याच तिकिटावर आधी 100 रुपये, चौथ्या आठवड्यात 60. त्यातूनच वितरकाचं कमिशन, जाहिरात आणि कर्जाचं व्याज भागवायचं. प्रदर्शन लांबलं की व्याज चढतच जातं.

शेजारच्या देहूच्या तुकोबांवर 'प्रभात'नं 1936 साली काढलेला चित्रपट मुंबईच्या एकाच थिएटरात 57 आठवडे चालला होता. आज बहुतेकांचा निकाल पहिल्या रविवारीच लागतो.

सरकारी अनुदानाच्या भरवशावर तर राहूच नकोस. मराठी चित्रपटांच्या योजनेत वर्षानुवर्षं अ दर्जाला 40 लाख आणि ब दर्जाला 30 लाख रुपये मिळत आले. तेही चित्रपट पुरा झाल्यावर, समितीनं दर्जा दिला तर. दीड कोटीच्या चित्रपटाला त्याचा मोठा आधार होतो. पंधरा कोटींच्या चित्रपटात ते घोडे, तंबू आणि व्हीएफएक्समध्ये कुठे जिरले ते कळतही नाही. करमाफीचंही तसंच. 2020 मध्ये 'तान्हाजी'ला राज्याच्या जीएसटीतून सूट मिळाली, पण त्यानं तिकीट स्वस्त होतं; निर्मात्याला थेट पैसा मिळत नाही.

'सैराट' बघ. 2016 साली, रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही नवी पोरं घेऊन, सुमारे 4 कोटींत झाला. एवढ्या कमी खर्चामुळेच त्याचा नफा डोळ्यांत भरला. तो चालला नसता, तरी नुकसानीला मर्यादा होती.

तेव्हा चित्रपट जरूर कर, पण आधी ओटीटी आणि टीव्हीच्या हक्कांचा लेखी करार हातात घे, आणि त्या रकमेत बसेल एवढंच शूटिंग धर. गुरुवारी सुट्टी असेल तेव्हा बजेटचे कागद घेऊन ये, एकेक ओळ तपासू. तोवर बँकेत सही करू नकोस.

तुझा मामा