'स्वस्थ' शब्दाचा विचार

'स्वस्थ' या पदाची फोड 'स्व' आणि 'स्थ' अशी. जो आपल्या ठायी स्थित आहे, तो स्वस्थ. आता ज्याला गावच्या विहिरीवर उभेही राहू देत नाहीत, त्याने स्थित व्हावे तरी कोठे?

आपल्या कर्जतला लागूनच जामखेड तालुका. तेथे १९७० साली डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य आले. पाहतात तो लेकरे हगवणीने आणि उपासमारीने दगावत होती. औषध किती पाजणार? पाणीच घाण, आणि त्या पाण्यालाही शिवाशीव! पुढे दुष्काळात बोअर घेण्याची वेळ आली, तेव्हा जागा मुद्दाम दलित वस्तीतल्या धरल्या. पाणी हवे त्याने घागर घेऊन तेथल्या हापशावर यावे. आले हो, सगळे आले! घसा कोरडा पडला म्हणजे सोवळे किती टिकते, हे आम्हां शास्त्र घोकलेल्यांना ग्रंथात सापडले नव्हते.

मग गावोगावच्या बाया आरोग्यसेविका झाल्या. पुष्कळ निरक्षर, कित्येक दलित. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो असो. मला नवल निराळ्याचेच वाटते. जिची सावली नको होती, तिलाच सासू अडलेल्या सुनेपाशी बोलावू लागली, आणि घरचे बाळ पहिल्याने तिच्या हातात आले.