रथात शेजारी बसायचं

आजचे वाचन : प्रेषितांची कृत्ये 8:26-40
(पास्काकाळाचा तिसरा आठवडा, गुरुवार)



यरुशलेमहून गाझाकडे जाणारी ओसाड वाट. रथात बसून एक परदेशी अधिकारी यशया संदेष्ट्याचं पुस्तक मोठ्याने वाचतोय. इथिओपियाच्या राणीचा तो खजिनदार आहे. पवित्र आत्मा फिलिपला त्या रथाजवळ जायला सांगतो. फिलिप धावत जातो आणि वाचलेलं कळतंय का, एवढंच विचारतो. रथात येऊन बसायचं आमंत्रण तो अधिकारीच देतो. पुढे वाटेत पाणी दिसतं, तेव्हा बाप्तिस्म्याची मागणीही तोच करतो.

आमच्या धर्मग्रामात मोठेपणी कॅथोलिक होऊ इच्छिणाऱ्यांचा एक गट चालतो. त्याला आरसीआयए म्हणतात. (अमेरिकेतल्या मित्रांनी ओसीआयए हे नवं नाव ऐकलं असेल.) त्या गटात मी सोबती म्हणून बसते. हे वाचन आलं की कुणीतरी हमखास विचारतं, "त्या माणसाचा बाप्तिस्मा एका प्रवासात झाला. मग आम्हाला वर्षभर का थांबवता?"

प्रश्न अगदी रास्त आहे. पण वाचन पुन्हा नीट बघा. फिलिप भेटायच्या आधीच तो माणूस केवढा चालून आलाय! देवाची उपासना करायला इथिओपियाहून यरुशलेमला आला. पवित्र शास्त्र हातात घेतलं. समजलं नाही, तर तसं सांगायला लाजला नाही. फिलिप भेटला तो त्याच्या शोधाच्या शेवटच्या टप्प्यावर. ख्रिस्तसभा आज हाच प्रवास सावकाश करायला लावते.

वाट कशी आहे?

सुरुवातीच्या शतकांत ख्रिस्तसभेत बाप्तिस्म्याआधी शिकण्याचा आणि जगून बघण्याचा मोठा काळ असायचा. पुढे तान्ह्या बाळांचाच बाप्तिस्मा सर्वत्र होऊ लागला आणि ही पद्धत मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ती पुन्हा सुरू करायला सांगितलं आणि 1972 साली मोठ्यांच्या प्रवेशाचा नवा विधी रोमने जाहीर केला. त्याचे चार टप्पे आहेत.

पहिला टप्पा चौकशीचा. यायचं, बसायचं, मनातलं विचारायचं. कसलंही बंधन नाही.

दुसरा टप्पा दीक्षार्थीचा. चर्चमध्ये सगळ्यांसमोर स्वागत होतं. कपाळावर क्रूसाची खूण करतात, मग कान, डोळे, ओठ, छाती, खांदे अशा एकेका अवयवावरही करतात. या दिवसापासून ख्रिस्तसभा त्या माणसाला आपल्या घरचा मानते. इतकं की बाप्तिस्म्याआधीच मरण आलं, तरी त्याचा अंत्यविधी ख्रिस्ती माणसासारखाच होतो. हा टप्पा साधारण वर्षभराचा, कुणाकुणाचा जास्तही.

तिसरा टप्पा उपवासकाळातला. पहिल्या रविवारच्या सुमारास बिशपांसमोर निवडीचा विधी होतो आणि नावं नोंदवली जातात. मग तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी शोमरोनी स्त्री, जन्मांध माणूस आणि लाजरस यांची शुभवर्तमानं वाचून त्यांच्यासाठी खास प्रार्थना होते. तहान, आंधळेपण, मरण. प्रत्येकाने आपली तहान कुठली ते शांतपणे बघायचं.

आणि मग पास्काजागरणाची रात्र. एकाच विधीत बाप्तिस्मा, दृढीकरण आणि पहिला ख्रिस्तप्रसाद. अंगावर पांढरं वस्त्र, हातात पास्काच्या मेणबत्तीवरून पेटवलेली मेणबत्ती. त्यानंतर पेंटेकॉस्टपर्यंतचा चौथा टप्पा. मिळालं ते काय मिळालं, हे मिस्सेतून आणि जगण्यातून उमजून घ्यायचं.

मुलांचं काय?

सात वर्षं पूर्ण झालेल्या मुलाला बाप्तिस्मा घ्यायचा असेल, तर कॅनन लॉ त्याला या बाबतीत मोठ्यांच्या रांगेत बसवतो. म्हणजे त्याचीही तयारी होते, त्याच्या वयाला पेलेल अशी. आईवडिलांची संमती लागते, पण "तुला हवंय का?" हे मुलालाही विचारलं जातं. अशा मुलाला तिन्ही संस्कार सहसा एकत्रच मिळतात. आपल्याकडे दृढीकरणासाठी बरीच वर्षं थांबणाऱ्या मुलांना याचं फार नवल वाटतं!

आणि जे आधीच प्रोटेस्टंट किंवा ऑर्थोडॉक्स घरातून बाप्तिस्मा घेऊन आलेत त्यांचं? पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला बाप्तिस्मा ख्रिस्तसभा मानते. तो पुन्हा होत नाही. अशा व्यक्तीला थोडी तयारी करून, श्रद्धेची कबुली देऊन सामील होता येतं. सीएनआय किंवा मेथॉडिस्ट घरातल्या मित्राला "आता तुझा खरा बाप्तिस्मा होईल" असं कृपा करून म्हणू नका.

बाप आणि मुलगा, एकाच रात्री

संत ऑगस्टीन आठवतात? लहानपणीच त्यांच्यावर क्रूसाची खूण झाली होती, पण बाप्तिस्मा लांबतच गेला. 386 साली मिलानच्या एका बागेत त्यांचं मन वळलं. तेव्हाही ते दुसऱ्या दिवशी पाण्यात उतरले नाहीत. काही महिने शहराबाहेर राहून वाचन, प्रार्थना, चर्चा केली. बाप्तिस्म्यासाठी नाव द्यायची वेळ आली तेव्हा मिलानला परतले आणि 387 च्या पास्काच्या रात्री संत अँब्रोज यांच्या हातून बाप्तिस्मा घेतला. त्याच रात्री त्यांचा मित्र आलिपियुस आणि सुमारे पंधरा वर्षांचा मुलगा अदेओदातुस यांचाही बाप्तिस्मा झाला. एवढा बुद्धिमान बाप आणि त्याचा मिसरूड फुटू लागलेला पोरगा, दोघेही एकाच पाण्यात. त्या बाप्तिस्मागृहाचे अवशेष मिलानच्या कॅथेड्रलखाली आजही बघायला मिळतात.

लग्नासाठी घ्यावा लागतो का?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त येतो, म्हणून स्पष्टच लिहिते. नाही. कॅथोलिक व्यक्तीशी लग्न करायला बाप्तिस्मा घेण्याची सक्ती नाही. बिशपांची परवानगी घेऊन चर्चमध्ये लग्न होऊ शकतं. कॅथोलिक जोडीदाराने आपली श्रद्धा जपण्याचं आणि मुलांना त्या श्रद्धेत वाढवण्यासाठी शक्य ते सगळं करण्याचं वचन द्यायचं असतं. ते दुसऱ्यालाही आधी नीट सांगितलं जातं.

आमच्या गटात एक तरुण लग्न ठरल्यावर आला होता. फादरनी त्याला हेच सांगितलं. तो मोकळा झाला, लग्न झालं, गटात यायचं थांबलं. दोन वर्षांनी एका रविवारी मिस्सेनंतर तो स्वतःहून फादरांकडे गेला. या वेळी त्याला कुणी पाठवलं नव्हतं. मागच्या पास्काला त्याने "माझा विश्वास आहे" म्हटलं, तेव्हा त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ऐकू आला.

थांबायला लावण्यामागचं कारण इथे कळतं. श्रद्धा जबरदस्तीने कुणावर लादायची नाही, हे कॅनन लॉच्या 748 व्या कलमात आहे. 1965 साली व्हॅटिकन परिषदेने मिशनकार्यावरच्या आदेशात दबाव टाकायला आणि आमिष दाखवायला मनाई केली. त्याच वाक्यात, ज्याला यायचंय त्याला छळून अडवण्याचा अधिकारही कुणाला नाही, हे सांगितलं. धर्मांतर हा शब्द आपल्याकडे किती तापलेला आहे, हे तुम्ही-आम्ही रोज मोबाइलवर बघतो. अशा काळात हे वर्ष त्या माणसाच्या स्वातंत्र्याची राखण करतं. त्याला "हो" म्हणता येतं, कारण शेवटच्या दिवसापर्यंत "नाही" म्हणायचीही मोकळीक असते.

आपल्यासाठी

आपल्यातले बहुतेक जण आईच्या कडेवर बाप्तिस्मा घेतलेले. मग हे वाचन आपल्याला काय सांगतं? फिलिपकडे बघा. त्याने रथाचा लगाम हातात घेतला नाही. बोलावल्यावर वर चढला, शेजारी बसला, माणूस ज्या ओळीवर अडला होता तिथूनच येशूबद्दल बोलायला लागला. काम झाल्यावर निघूनही गेला. खजिनदार मात्र आनंदाने आपल्या वाटेला लागला.

तुमच्या ऑफिसात, कॉलेजात कुणीतरी मिस्सेबद्दल सहज विचारत असेल. लगेच भाषण देऊ नका. आधी त्याचं ऐका. खरंच ओढ दिसली तर "रविवारी येतोस का, मी असेन सोबत" एवढं म्हणा. आणि ईस्टरला तुमच्या चर्चमध्ये ज्यांचा बाप्तिस्मा झाला, त्यांची नावं माहीत आहेत का? नसतील तर या रविवारी मिस्सेनंतर जाऊन ओळख करून घ्या. पास्काच्या रात्री खूप टाळ्या वाजतात. त्यानंतर बाकावर एकटं बसायला लागलं, तर फार जड जातं.

प्रार्थना

प्रभू येशू, तुला शोधत वाटेवर निघालेल्या प्रत्येकाला सोबत दे. आम्हाला धावत जायची हिंमत दे आणि बोलावेपर्यंत थांबायची नम्रताही दे. नव्याने तुझे झालेल्या आमच्या भावंडांचा आनंद टिकव, आणि त्यांच्याकडे बघून आम्हालाही आमच्या बाप्तिस्म्याची आठवण होऊ दे. आमेन.