तंबोरा शाबूत राहिला पाहिजे

७८च्या तबकडीत गवयाला जेमतेम साडेतीन मिनिटं मिळायची. मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे ही माणसं ऐसपैस भेटतात ती मैफलीतच, आणि ते गाणं उरलं ते कुणी हौशी श्रोत्याने स्टेजजवळ रेकॉर्डर ठेवला म्हणून. त्यासोबत खरखर आली, विजेची घरघर आली, अर्धवट तुटलेले ख्याल आले. अशा कॅसेटी आणि स्पूल गोळा करून, जमतील तितके दुरुस्त करून रसिकांना ऐकवणं हा माझा कित्येक वर्षांचा नाद आहे. त्यातून पक्क्या झालेल्या काही गोष्टी.

१. आधी डेक, मग कॉम्प्युटर. कॅसेटचा आवाज दबलेला वाटला की बरेच जण लगेच सॉफ्टवेअरमध्ये ट्रेबल वाढवतात. पुष्कळदा दोष टेपचा नसतोच. मूळ रेकॉर्डरचं हेड ज्या कोनात होतं, त्या कोनात आपल्या डेकचं हेड नसतं, एवढंच. हेडशेजारचा छोटा स्क्रू किंचित फिरवत तबल्याच्या चाटेकडे कान लावावा. एका ठिकाणी ती चाट एकदम टणत्कारून पुढे येते. तिथे थांबायचं. प्रत्येक कॅसेटला हे नव्याने करावं लागतं. मूळ टेपमधून मिळणारी ही चमक नंतर कुठल्याही फिल्टरने आणता येत नाही.

२. गोंगाट काढताना तंबोरा जाऊ देऊ नये. माझ्या लेखी हे सगळ्यात महत्त्वाचं. गोंगाट काढणाऱ्या सॉफ्टवेअरला निव्वळ गोंगाटाचा काही सेकंदांचा नमुना द्यावा लागतो. मग त्या जातीचं जे जे सतत वाजत असतं ते ते सगळीकडून वजा होतं. मैफलीत निव्वळ गोंगाटाची जागाच सापडत नाही. गायक थांबला तरी तंबोरे चालूच असतात. तसा तुकडा नमुना म्हणून दिला की यंत्र तंबोऱ्यालाच गोंगाट समजतं आणि जवारी खरवडून काढतं. ध्वनिमुद्रण लख्ख होतं, पण स्वर कशावर टेकून उभा आहे तेच ऐकू येईनासं होतं. म्हणून नमुना घ्यावा तो तंबोरे छेडण्यापूर्वीचा, निवेदक बोलायचा थांबल्यावरचा. तो मिळाला नाही तर हिस खुशाल राहू द्यावी. पाच मिनिटांत कान ती विसरतो.

३. पट्टी तपासल्याशिवाय प्रत कुणाला देऊ नये. बॅटरीवर चालणाऱ्या रेकॉर्डरची बॅटरी उतरत गेली की टेप हळू फिरायची. तीच टेप आज नेहमीच्या वेगाने लावली की षड्ज वर चढत जातो आणि काळी एकमध्ये बसलेला गवय्या द्रुतापर्यंत पांढरी दोनकडे सरकलेला असतो. वेगात सहा टक्क्यांचा फरक म्हणजे जवळजवळ अर्धा स्वर, पेटीवरची एक पट्टी. आवाजाचा पोत बदलतो, तानेची चालही खोटी होते.

दुरुस्तीला दोन आधार आहेत. एक, तीच विजेची घरघर. आपली वीज ५० हर्ट्झची. घरघर ५२ वर मोजली गेली तर टेप सुमारे चार टक्के जलद चालते आहे. पण त्या काळात विजेची फ्रिक्वेन्सी ५० वर घट्ट बसलेली नसायची, म्हणून दुसरा आधार पेटीचा. षड्ज दोन पट्ट्यांच्या अधेमधे लोंबकळत असेल तर वेगात गडबड आहे असं समजावं. पेटीही थोडी वरखाली लागलेली असू शकते. शेवटचा कौल त्या गवयाचं गाणं मुरलेल्या कानाचा. आणि घरघर हाही एक आधार असल्याने ती पुसायची ती पट्टी लावून झाल्यावरच.

४. तुटलेलं तुटलेलंच दाखवावं. नव्वद मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटांची, आणि विलंबित ऐन भरात आला की नेमकी ती संपते. दोन टोकं समेवर बेमालूम जोडता येतात. मी जोडत नाही. न गायलेलं आवर्तन गायकाच्या नावावर खपवायचा आपल्याला काय अधिकार? आवाज हळू मिटवावा, क्षणभर शांतता ठेवावी आणि नोंदीत लिहावं: इथे बाजू बदलली.

५. दाद, खोकला, मागितलेली फर्माईश यातलं काहीही कापू नये.

६. खोक्यावरच्या मजकुरावर विसंबू नये. वसंतराव देशपांडे १९८३ साली गेले. त्यांच्या टेपवर १९८५ लिहिलेलं असेल तर ती प्रत केल्याची तारीख समजावी. रागाचं नावही जाणत्याकडून तपासून घ्यावं, विशेषतः मन्सूरांसारखा अनवट राग गाणारा असेल तेव्हा. आणि तबला-पेटीच्या साथीदारांची नावं शोधून लिहावीत. वसंतराव आचरेकरांचा ठेका ऐकू येत असताना नोंदीत फक्त ‘कुमार गंधर्व’ लिहिणं हा अन्याय आहे.

७. वाटताना हात मोकळा असावा, पण मर्यादा पाळून. कच्ची प्रत आणि दुरुस्त प्रत, दोन्ही द्याव्यात; उद्या कुणाकडे आपल्याहून चांगलं तंत्र असेल. फाइल फ्लॅकमध्ये द्यावी, एमपीथ्रीची एमपीथ्री करत नेऊ नये. पैसा एकही घेऊ नये. कॉपीराइट कायद्यात १९९४च्या दुरुस्तीने सादरकर्त्या कलावंताचे हक्क आले आणि आज त्यांची मुदत ५० वर्षं आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी पहिली प्रत कलावंताच्या घरी जावी, आणि घरच्यांनी ‘हे बाहेर नको’ म्हटलं तर ते बाहेर जाऊ नये. केसरबाई केरकरांची ध्वनिमुद्रणाविषयीची नाखुशी सर्वश्रुत आहे. अशा नाखुशीचा मान आपण चाहत्यांनीच राखायचा.

आता एक विनंती. घरात आजोबांचे किंवा काकांचे स्पूल पडून असतील तर ते रद्दीत घालू नका, आणि उत्साहाने लगेच वाजवूही नका. व्हिनेगरसारखा वास येत असेल तर तो स्पूल बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. वाजवताना चिरका आवाज येऊन हेडवर चिकट राप बसत असेल तर तिथेच थांबा आणि जाणकाराला दाखवा. ती मैफल ऐकलेलं कुणी घरात असेल, तर कुठे झाली, साथीला कोण होतं, हे आजच विचारून खोक्यावर लिहून ठेवा.